पासवर्ड मागणारा कोण?

संगणकाच्या पडद्यावर ‘पासवर्ड’ एवढा एक शब्द उमटतो, त्यापुढे दोन टिंबे येतात आणि पडदा गप्प राहून आपली वाट पाहू लागतो. या ओळीला कर्ता नाही. कोण मागते आहे, कोणत्या दाराचा मागते आहे, यातले काहीच ती सांगत नाही. घराला एकच दार होते तोवर हे चालून गेले. पुढे दूरच्या संगणकात शिरण्याची सोय झाली, तिथून आणखी तिसरीकडे जाता येऊ लागले आणि तीन-चार ठिकाणची कामे एकाच पडद्यावर एकमेकांत गुंतू लागली. प्रत्येक ठिकाणी शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतची जी बैठक, तिला आता सगळेच सेशन म्हणतात. या गुंत्यातून एक नवा प्रकार उद्भवला : एका सेशनचा प्रश्न दुसऱ्याच सेशनमध्ये उमटतो, आणि माणसाने प्रामाणिकपणे दिलेले उत्तर भलत्याच्या कानी पडते.

पासवर्डचा इतिहास बहुधा चोरांच्या बाजूने लिहिला जातो. कोणी किती पासवर्ड पळवले, लोक किती सोपे पासवर्ड ठेवतात, वगैरे. प्रस्तुत लेखात शोध घ्यायचा आहे तो मागणाऱ्याचा. यंत्राने माणसाला ‘तू कोण?’ असे विचारायला सुरुवात केली त्याला आता साठ वर्षे उलटून गेली. माणसाने यंत्राला उलट ‘तू कोण?’ असे विचारण्याची सोय मात्र फार उशिरा झाली, आणि तीही तुकड्यातुकड्यांनी.

आपल्याकडे पासवर्डला ‘परवलीचा शब्द’ म्हणतात. हा शब्दप्रयोग पहाऱ्यावरचा आहे. रोमन छावणीत रात्रीचा संकेतशब्द लाकडी पाटीवर लिहून तुकडीतुकडीतून कसा फिरवला जाई, याचे वर्णन पॉलिबियसने करून ठेवले आहे. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानी पलटणींतला पहारेकरी अंधारात हटकताना जे इंग्रजी वाक्य उच्चारी, त्याचा देशी जिभांवर ‘हुकुमदार’ झाला. पण पहारेकरी डोळ्यांसमोर उभा असतो. त्याचा गणवेश दिसतो, तो कोणाच्या वेशीवर उभा आहे हे ठाऊक असते. जिथे तेही दिसत नाही, तिथे सैन्याने शहाणपणाने दुहेरी व्यवस्था केली. जून १९४४मध्ये नॉर्मंडीत अंधारात उतरलेल्या अमेरिकन छत्रीधारी सैनिकांना तीन शब्द दिलेले होते. हटकणाऱ्याने ‘फ्लॅश’ म्हणायचे, समोरच्याने ‘थंडर’ असे उत्तर द्यायचे आणि त्यावर हटकणाऱ्याने ‘वेलकम’ म्हणायचे. हटकणाऱ्यालाही स्वतःची ओळख पटवावी लागे, कारण अंधारात हटकणारा शत्रूही असू शकतो. संगणकवाल्यांनी सैन्याकडून परवलीचा शब्द उचलला, पण त्यातला अर्धा भाग मागेच ठेवला.

तो का ठेवला, हे समजायला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत जावे लागते. नोव्हेंबर १९६१मध्ये तिथे फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कम्पॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टिम’ या प्रणालीचे पहिले प्रात्यक्षिक दाखवले. तिचे लघुरूप सीटीएसएस. तोवर मोठा संगणक एका वेळी एकाचेच काम करी. बाकीचे आपापल्या छिद्रित कार्डांचे गठ्ठे देऊन रांगेत थांबत. सीटीएसएसने संगणकाचा वेळ क्षणाक्षणांत वाटला आणि टाइपरायटरसारख्या टर्मिनलांवर बसलेल्या अनेकांना एकाच वेळी काम करता येऊ लागले. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या आणि प्रत्येकाला मिळणारा वेळही मोजका. मग कोणाची फाइल कोणती आणि कोणाच्या खात्यावर किती वेळ खर्ची टाकायचा, हे ठरवायला नाव आणि पासवर्ड आले. प्रश्न हिशेबाचा आणि खासगीपणाचा होता. यंत्राच्या खरेपणाविषयी शंका घ्यायला जागाच नव्हती, कारण यंत्र एकच होते आणि टर्मिनलची तार त्यालाच जोडलेली होती.

या व्यवस्थेतही पासवर्ड फार दिवस गुप्त राहिले नाहीत. अ‍ॅलन शेर नावाचा संशोधक तिथे पीएच.डी. करत होता. आठवड्याला मिळणारे चार तास त्याला पुरेनात. १९६२च्या वसंत ऋतूत त्याने शुक्रवारी रात्री एक छिद्रित कार्ड दिले, त्यावर पासवर्डांच्या फाइलीचे नाव घालून ती छापून देण्याची विनंती केली आणि शनिवारी सकाळी छापील कागद उचलून आणला. ही गोष्ट त्याने स्वतःच पंचवीस वर्षांनी सांगितली. संगणकावरची पहिली पासवर्डचोरी म्हणून ती सगळीकडे सांगितली जाते. गंमतीची आहे खरी, पण आपल्या विषयाला दुसरी एक घटना अधिक जवळची आहे, आणि तिच्यात चोर कोणीच नाही.

साठच्या दशकाच्या मध्यावर, एका शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास सीटीएसएसवर लॉगिन करणाऱ्यांच्या टर्मिनलवर एक विलक्षण मजकूर छापून येऊ लागला. लॉगिन झाले की त्या दिवसाची सूचना छापून येण्याची पद्धत होती : अमुक वेळी यंत्र बंद राहील, तमुक आज्ञा बदलली आहे, असे काहीबाही. त्या संध्याकाळी सूचनेच्या जागी साऱ्या वापरकर्त्यांची नावे आणि त्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले. मध्ये काही काळ गेला, मग प्रणाली बंद पाडली गेली, आणि एका कर्मचाऱ्याची संध्याकाळ सगळ्यांचे पासवर्ड बदलण्यात गेली.

घडले होते ते असे. प्रणाली सांभाळणाऱ्यांपैकी एक जण पासवर्डांची फाइल दुरुस्त करत होता, दुसरा त्या दिवसाची सूचना लिहीत होता. दोघेही एकच संपादक-प्रोग्राम वापरत होते. हा प्रोग्राम काम चालू असताना मजकूर एका तात्पुरत्या फाइलीत ठेवी, आणि तिचे नाव सोयीसाठी कायमचे ठरलेले होते. एका डिरेक्टरीत एका वेळी एकच माणूस काम करणार, असे मूळ गृहीतक असल्याने त्यात धोका नव्हता. पुढे प्रणाली सांभाळणारी माणसे वाढली, ती एकमेकांसाठी खोळंबू लागली, म्हणून त्यांच्या सामाईक डिरेक्टरीपुरता तो नियम सैल केला गेला. मूळ गृहीतकाची आठवण कोणाला राहिली नाही. दोघांच्या तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली आणि एकाच्या सेशनमधला मजकूर दुसऱ्याच्या सेशनमधून बाहेर पडला.

कॉर्बाटोंना १९९०चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले, तेव्हा त्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानात त्यांनी हीच घटना उदाहरणादाखल घेतली. व्याख्यानाचा विषयच मुळी अपयशी ठरणारच अशा प्रणाली कशा बांधाव्यात, हा होता. रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांनी १९७९मध्ये युनिक्सच्या पासवर्डांवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधातही ती आहे. पासवर्ड जसेच्या तसे साठवूच नयेत, त्यांचे उलट फिरवता न येणारे रूप साठवावे, हा युनिक्सचा मार्ग योग्य का, हे पटवताना त्यांनी तिचा दाखला दिला. साठवणुकीपुरता प्रश्न सुटला. दोन सेशनांची सरमिसळ हे त्या घटनेचे खरे कारण. त्यावर हा उपाय अर्थातच नव्हता.

इथे अंधाराविषयीही थोडे सांगायला हवे. आपण पासवर्ड टाइप करतो तेव्हा अक्षरे दिसत नाहीत, आणि न दिसणे म्हणजे सुरक्षित, अशी आपली समजूत झालेली आहे. तिचे मूळ कागदात आहे. जुनी टर्मिनले कागदावर छापत; मागून कोणी आले की टाइप केलेला पासवर्ड कागदावर वाचायला तयार. सीटीएसएस शक्य असेल तिथे पासवर्डपुरती छपाई बंद करी. पण काही टर्मिनलांत कळ दाबली की अक्षर थेट कागदावर उमटे, संगणकाला ते थांबवता येत नसे. तिथे संगणक आधीच एका जागी अक्षरांवर अक्षरे छापून काळा पट्टा तयार करी आणि वापरणाऱ्याने आपला पासवर्ड त्या काजळीवर टाइप करायचा. मला या युक्तीचे फार कौतुक वाटते. पण हा आडपडदा होता तो मागे उभ्या असलेल्या माणसासाठी. समोरच्या यंत्राविषयी तो काहीच सांगत नव्हता.

२९ ऑक्टोबर १९६९च्या रात्री साडेदहाच्या सुमारास लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या संगणकात शिरण्याचा प्रयत्न केला. आर्पानेट या जाळ्यावरचा हा पहिला संदेश, आणि तो शब्द होता ‘लॉगिन’. एल गेला, ओ गेला, आणि जी पाठवल्यावर पलीकडचे यंत्र कोसळले. दुरून आलेले प्रत्येक अक्षर पलीकडच्या यंत्राने परत पाठवायचे, तेव्हा ते इकडे उमटायचे, अशी रीत होती. पलीकडच्या यंत्राला मात्र आज्ञा ओळखता आली की उरलेली अक्षरे आपणच पुरी करायची सवय होती. त्याने ‘जीआयएन’ एकदम परत धाडले; जोडणी एका वेळी एकाच अक्षरासाठी तयार होती. तासाभराने दुरुस्ती होऊन जोडणी जमली.

या प्रसंगात दूरच्या लॉगिनचे वर्म दिसते. इथे कळ दाबली तरी पडद्यावर काय दिसावे हे पलीकडचा ठरवतो. टेलनेट या दूरलॉगिनच्या पद्धतीत पुढे यासाठी रीतसर बोलणीच असत : अक्षरे परत पाठवण्याचे काम मी करतो, असे पलीकडचे यंत्र सांगे आणि पासवर्डच्या वेळी मुद्दाम ती पाठवत नसे. म्हणजे ज्या अंधाराला आपण सुरक्षिततेची खूण मानतो, तोही दूरच्याने दिलेला. ज्याला ठकवायचे आहे, त्यालाही हा अंधार पाडता येतो. आणि अक्षरे न दिसता जात असली तरी तारेवरून ती उघडीच जात.

यात गुंत्याची भर पडली. ‘अ’वरून ‘ब’मध्ये शिरायचे आणि ‘ब’वरून ‘क’मध्ये, हे संशोधकांचे रोजचे काम झाले. पडदा एक, यंत्रे तीन. आपण कुठे आहोत हे समजायला ओळीच्या सुरुवातीला येणारे यंत्राचे नाव, तेही कोणी लिहून ठेवले असेल तर. जोडणी तोडण्याची आज्ञा नेमकी कितव्या यंत्राने ऐकायची, यासाठीही संकेत ठरवावे लागले. आजच्या एसएसएच या दूरलॉगिनच्या प्रोग्राममध्ये नागमोडी चिन्ह आणि टिंब दिले की सर्वांत बाहेरची जोडणी तुटते; आतली तोडायची तर नागमोड दोनदा द्यावी लागते. सवय नसलेला माणूस आतले दार लोटायला जातो आणि रस्त्यावर येऊन पडतो.

टेलिफोनवरून मोडेमने जोडले जाण्याच्या काळात आणखी एक चमत्कारिक गोष्ट होई. बोलणारा मध्येच तुटला आणि संगणकाला ते कळले नाही, तर त्याचे सेशन तसेच उघडे राही. त्याच तारेवर पुढचा माणूस आला की पासवर्ड न विचारताच तो थेट आधीच्याच्या सेशनमध्ये जाऊन उतरे. युनिक्समध्ये चालू प्रोग्रामांना द्यायच्या इशाऱ्यांना क्रमांक आहेत. त्यातला पहिला क्रमांक ‘हँगअप’चा, म्हणजे फोन खाली ठेवल्याचा. फोन वापरातून गेले तरी तो इशारा आणि त्याचे नाव तसेच आहे.

भारतात, आणि म्हणून मराठी माणसांच्या घरात, हे सारे थोडे उशिरा आले. शिक्षण आणि संशोधन संस्थांना जोडणारे अर्नेट ऐंशीच्या दशकात सुरू झाले. सामान्य ग्राहकाला विदेश संचार निगमची इंटरनेट सेवा मिळू लागली ती १५ ऑगस्ट १९९५पासून, आणि मुंबई तिच्या पहिल्या शहरांपैकी होती. त्यात स्वस्तातली जी ‘शेल’ खाती होती, त्यांना चित्रे दिसत नसत. मोडेमची किरकिर संपली की काळ्या पडद्यावर ‘लॉगिन’ आणि मग ‘पासवर्ड’. आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या अनेकांनी दूरच्या यंत्राचा हा प्रश्न पहिल्यांदा तिथे पाहिला.

तोवर परदेशी विद्यापीठांत या प्रश्नाची नक्कल करण्याचा खेळ जुना होऊन गेला होता. सामाईक टर्मिनलवर लॉगिन करायचे, खऱ्या लॉगिनसारख्या ओळी दाखवणारा दहा-बारा ओळींचा प्रोग्राम चालू करायचा आणि उठून जायचे. पुढचा येतो, नाव देतो, अंधारात पासवर्ड देतो. नकली प्रोग्राम ते टिपून ठेवतो, ‘चुकले’ असे छापतो आणि स्वतः बंद होतो. मग खरे लॉगिन येते. माणसाला वाटते, आपलेच बोट चुकले असेल. या फसवणुकीचे सारे यश त्या एका समजुतीवर उभे होते.

अमेरिकी संरक्षण खात्याने १९८३मध्ये सुरक्षित संगणकांचे निकष प्रसिद्ध केले. मुखपृष्ठाच्या रंगामुळे ते ‘ऑरेंज बुक’ म्हणून ओळखले गेले. त्यात वरच्या श्रेणीसाठी एक अट होती : वापरणाऱ्यापासून प्रणालीच्या गाभ्यापर्यंत अशी एक खात्रीची वाट हवी, जिची नक्कल दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रामला करता येणार नाही. या कल्पनेचे सर्वांत प्रसिद्ध रूप विंडोज एनटीमध्ये १९९३मध्ये दिसले. लॉगिनपूर्वी कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकत्र दाबा. आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांनी ही तिकडी पीसी पुन्हा सुरू करण्यासाठी योजली होती, म्हणूनच कोणताही साधा प्रोग्राम तिच्या वाटेला जात नसे. एनटीमध्ये ती थेट गाभ्याकडे जाई. नकली पडदा असेल तर तो तिथेच उघडा पडे. माणसाने यंत्राला घातलेला हा उलट प्रश्नच होता. लोकांना तो निव्वळ उपद्रव वाटला. कळा का दाबायच्या, हे त्यांना फारसे कोणी सांगितलेही नाही. शिवाय ही वाट होती समोरच्या यंत्रापुरती. दूरच्या यंत्राशी बोलताना तीन कळांचा उपयोग नव्हता.

तिथे अवस्था वाईट होती. फेब्रुवारी १९९४मध्ये अमेरिकेतल्या सर्ट या संस्थेने इशारा दिला की तारांवर कान लावून बसलेल्यांनी हजारो यंत्रांत शिरण्याची माहिती आधीच टिपली आहे. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर असाच प्रकार झाला आणि तिथल्या तातू यूलोनेन या संशोधकाने एसएसएच लिहून जुलै १९९५मध्ये खुले केले. त्यात जोडणीची सुरुवात उलटी होती. आधी यंत्राने आपली किल्ली दाखवायची, ती पूर्वी पाहिलेल्या किल्लीशी जुळते का हे वापरणाऱ्याच्या प्रोग्रामने तपासायचे, आणि मगच गुप्त वाटेवरून पासवर्ड जायचा. नॉर्मंडीतला तिसरा शब्द अखेर संगणकात आला. पहिल्या भेटीत मात्र ‘हे यंत्र ओळखीचे नाही, पुढे जायचे का?’ या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येक जण न वाचता ‘हो’ म्हणतो.

एसएसएचमधली आणखी एक गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटते. पासवर्ड मागणाऱ्या त्याच्या ओळीत वापरणाऱ्याचे आणि यंत्राचे नाव असते : अमक्या यंत्रावरच्या अमक्याचा पासवर्ड. ओळीला कर्ता नसला तरी निदान षष्ठी विभक्ती मिळाली.

तरी मधल्या यंत्राचा प्रश्न उरलाच. मे २००१मध्ये अपाची प्रकल्पाच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली. तेव्हा जगातल्या निम्म्याहून अधिक संकेतस्थळांमागे अपाचीचा प्रोग्राम होता. प्रकल्पातल्या एकाने सोर्सफोर्ज या सेवेच्या यंत्रावरून अपाचीच्या यंत्रात एसएसएचने लॉगिन केले होते. सोर्सफोर्जवर आधीच घुसलेल्यांनी तिथला एसएसएच प्रोग्राम बदलून ठेवला होता. बाहेर जाणारे नाव आणि पासवर्ड तो टिपून ठेवी. पासवर्ड मागणारी ओळ दिसायला बरोबर होती. ती छापणारा हात दुसऱ्याचा होता. अपाचीच्या लोकांना सारा मूळ मजकूर जुन्या प्रतींशी ताडून पाहावा लागला.

यावर उपाय असा की मधल्या यंत्राने फक्त वाट द्यावी, बोलणे ऐकू नये. ‘ब’वर दुसरा एसएसएच चालवायचा नाही, ‘अ’वरूनच ‘ब’मधून आरपार ‘क’शी गुप्त जोडणी करायची. ओपनएसएसएच या आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आवृत्तीत २०१६पासून हे एका साध्या पर्यायाने होऊ लागले. सुरक्षितता वाढली, आणि जुना गोंधळ नव्या दाराने आत आला. आता ‘ब’ आणि ‘क’ दोघेही ‘अ’च्या एकाच पडद्यावर पासवर्ड मागू लागले. नावासकट येणारी ओळ वापरणाऱ्याचा स्वतःचा प्रोग्राम लिहितो. पण अनेक यंत्रे पासवर्ड वेगळ्या रीतीने मागतात : प्रश्नाचा मजकूर दूरचे यंत्रच पाठवते, आणि तो बहुतेक वेळा नुसता ‘पासवर्ड’ असतो. एकापाठोपाठ दोनदा ‘पासवर्ड’ आले की पहिला कोणाचा? ‘क’चा म्हणून दिलेला ‘ब’च्या हाती पडला, तर ज्या मधल्या यंत्रावर विश्वास टाकायचा नाही म्हणून एवढा खटाटोप केला, त्यालाच आपण आतल्या दाराची किल्ली स्वहस्ते देऊन बसतो. दोन दूरच्या यंत्रांमधल्या फाइली आपल्या यंत्रामार्फत इकडून तिकडे नेतानाही हेच होई.

२०२१ साली ओपनएसएसएचच्या नव्या आवृत्तीसोबत जी बदलांची यादी आली, तिच्यात नवी गूढलेखने होती, नवे पर्याय होते, आणि मध्येच एक लहानशी नोंद होती. दूरच्या यंत्राकडून आलेल्या प्रश्नाआधी आता वापरणाऱ्याचा प्रोग्राम स्वतः कंसात नाव आणि यंत्र लिहील, कोणत्या जोडणीचा प्रश्न आहे हे कळावे म्हणून. दूरच्या यंत्राने काहीही विचारले तरी कंसातला मजकूर आपल्याच यंत्राचा. त्या बदलानंतर काही ठिकाणचे जुने स्वयंचलित प्रोग्राम अडून बसले. ओळीच्या आरंभीच ‘पासवर्ड’ हा शब्द येईल अशी वाट पाहत ते थांबून राहिले.